बोगद्यातलं लग्न

फाटा मागे पडला, आणि मग निशिकांतच्या लक्षात आलं की आज तो कोणी सांगितलाच नव्हता. सिंगापूरच्या मरीन परेडहून पश्चिमेकडे निघालं की हा फाटा येतो. तो घेतला तर रस्ता शिअर्स पुलावर चढतो, लांबवर नांगरून पडलेली जहाजं दिसतात, शहराच्या इमारती दिसतात, आकाश दिसतं. तो सोडला तर रस्ता उतरणीला लागतो आणि समुद्राखालच्या बोगद्यात शिरतो. हा बोगदा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, सगळं शहर त्यातून जात-येत होतं, आणि निशिकांत त्यात एकदाही शिरला नव्हता. पूल आपण निवडतो अशी त्याची समजूत होती. खरं म्हणजे फाटा यायच्या थोडं आधी शेजारच्या सीटवरून, दुसऱ्याच कुठल्या तरी विषयावरच्या बोलण्यात मध्येच, सुलेखाचं "अहो, आता इथे" यायचं, आणि तिचं बोलणं न थांबता पुढे जायचं, आणि त्याचे हात आपोआप वळायचे. आज शेजारच्या सीटवर हॉस्पिटलात न्यायची तिच्या कपड्यांची पिशवी होती. पिशवीच्या वजनाने गाडी टिणटिण करायला लागली म्हणून त्याने तिला पट्टा लावला होता. पट्टा लावून बसलेली पिशवी अर्थातच काही बोलली नाही. काचेवरच्या यंत्राने कमानीखाली एकदा पीं केलं, टोलचे पैसे कापून घेतले, आणि डोक्यावर छप्पर आलं.

परवा सकाळी सुलेखाच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली. गाठ साधी निघाली. हे वाक्य निशिकांतने तीन दिवसांत इतक्या जणांना फोनवर सांगितलं होतं, की ते त्याला पाठ झालं होतं: गाठ साधी निघाली, काळजीचं कारण नाही. त्याच्या पुढचं वाक्य तो कोणाला सांगत नव्हता. शुद्धीवर आल्यावर सुलेखाने तोंड उघडलं तेव्हा आत नुसती हवा होती. आवाजाच्या पट्ट्यांना हलवणारी नस त्या गाठीला अगदी लागून जाते, दोऱ्याएवढी असते, आम्ही तिला जपतो पण कधीकधी ती दुखावते, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, आणि निशिकांतने मान डोलावली होती. आयुष्यभर लेखापरीक्षणाचं काम केलेला माणूस. धोक्याची वाक्यं त्याने हजार वेळा वाचली होती आणि तितक्याच वेळा लिहिली होती. ती वाक्यं खरी होण्यासाठी लिहिलेली नसतात असं त्याला मनातून वाटत असावं. आज दुपारी डॉक्टरीणबाई नाकातून बारीक दुर्बीण घालून बघणार होत्या. पट्टी हलतच नसेल तर आवाज परत येईल असं धरून चालू नका, असं त्या म्हणाल्या होत्या. हलत असेल, थोडी जरी, तर येईल. आणि सुलेखा बालवाडीत शिकवत होती. तिच्या वर्गात तीन वर्षांची वीस मुलं होती आणि ती कुजबुज ऐकणारी नव्हती. पण ते नंतरचं. निशिकांतला त्या मुलांचं काही पडलेलं नव्हतं, हे त्याने स्वतःशी कबूल केलं होतं.

उतार संपला तिथे पुढच्या गाड्यांचे लाल दिवे लागले. एक, मग सगळे. निशिकांतने गाडी थांबवली. वरच्या पाटीवर अक्षरं सरकत होती, पुढे एक लॉरी बंद पडली आहे, सावकाश चालवा. सावकाश कशाला, कोणी चालवतच नव्हतं. भिंतीवर हिरव्या पाटीतला पांढरा माणूस दाराच्या दिशेने पळत होता. छताला टांगलेले प्रचंड पंखे घरघरत होते, आणि त्या घरघरीच्या वर, निशिकांतला नको असताना आठवलं, समुद्र होता. दुर्बीण घालायच्या आत पोचायचं होतं. राधिका, त्यांची मुलगी, रात्रभर आईपाशी राहिली होती आणि सकाळीच म्हणाली होती, "पप्पा, डोन्ट बी लेट. मम्माला तू पाहिजे तिथे. शी वोन्ट से, बट." ती वोन्ट से म्हणाली आणि स्वतःच गप्प झाली.

त्याने दोन्ही हात चाकावर ठेवले. तळवे ओले झाले होते. हे त्याला ओळखीचं होतं. मागे एकदा झालं होतं, आणि त्यानंतर पुन्हा होऊ नये म्हणून त्याने सगळं आयुष्य इतक्या बेताने आखलं होतं की ते आखलंय हे कोणाला कळू नये. मरीन परेडला घर घेतलं तेव्हा तो लोकांना समुद्राची हवा, पोहे खाऊन किनाऱ्यावर फिरायला जाता येतं, असं सांगायचा. वुडलँड्सला याच्या निम्म्यात मोठं घर मिळत होतं. टॅम्पिनीसला त्याचे ऑफिसातले दोन सहकारी राहत होते, मराठी होते, त्यातल्या शैलेंद्रने तर आपल्याच इमारतीतला फ्लॅट बघून ठेवला होता. "अरे, खालीच एमआरटी आहे, अर्ध्या तासात डेस्कवर," शैलेंद्र म्हणाला होता. निशिकांतने मरीन परेड घेतलं, कारण तिथे एमआरटी, शहरात जमिनीखालून धावणारी मेट्रो, नव्हती. बसने जावं लागे, आणि बसला खिडक्या असतात आणि खिडक्यांबाहेर झाडं असतात. सुलेखाला हे न सांगता कळलं होतं. शैलेंद्रच्या बायकोने, प्रणिताने, एकदा जेवताना विचारलं, तुम्ही इतक्या आडबाजूला का गं राहता, तर सुलेखा म्हणाली होती, "मला बसच हवी बाई, जमिनीखाली माझा जीव गुदमरतो." आणि भाजीचं भांडं पुढे सरकवलं होतं. निशिकांतने तिच्याकडे बघितलं नाही. भाजी वाढून घेतली.

ते मागचं म्हणजे पाच वर्षांपूर्वीचं, माँ ब्लांच्या बोगद्यातलं. जूनच्या सुट्टीत तिघं युरोपला गेली होती. जिनिव्हाहून गाडी भाड्याने घेतली, फ्रान्समधून डोंगरात चढली, आणि डोंगराच्या पोटातून पलीकडे इटलीत उतरायचं होतं. गाडी उजव्या बाजूने चालवायची, एवढंच काय ते अवघड जाईल अशी निशिकांतची कल्पना होती, आणि ते त्याने दोन दिवसांत साधलं होतं. बोगद्याच्या तोंडाशी टोलनाका होता. निशिकांतला टोलनाक्याची सवय नव्हती. म्हणजे टोलची होती, नाक्याची नव्हती. सिंगापूरमध्ये कमान येते, पीं होतं, पुढे जायचं, थांबायचं नसतं, कोणाचं तोंड बघायचं नसतं. तसा तो जिथे खिडकीत माणूस बसलेला नव्हता त्या मोकळ्या रांगेत सफाईने शिरला, आणि आडव्या दांड्यासमोर गाडी आणून पीं होण्याची वाट बघत बसला. दांडा हलला नाही. मागे एक ट्रक येऊन थांबला. मग दुसरा.

"पप्पा, राँग लेन, ला," मागच्या सीटवरून कानातली वायर न काढता राधिका म्हणाली. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. "दिस वन फॉर पीपल हू हॅव द थिंग."

"कुठली थिंग?"

"द थिंग. जी आपल्याकडे सिंगापूरला आहे. इथे नाही."

"अहो, खिडकी खाली करा, हात बाहेर काढा आणि हसा," सुलेखा म्हणाली. "चुकलेल्या माणसाने हसलं की समोरच्याला बरं वाटतं. लायसन नको दाखवायला, दात दाखवा."

अंगात चकाकता पिवळा कोट घातलेली एक बाई धावत आली. ती रागावलेली नव्हती. तिने कार्ड घेतलं, यंत्रात घातलं, परत दिलं, वर एक घडीचं पत्रक दिलं, आणि हाताने असं काही केलं की निशिकांतला ते जा बाळ असं वाटलं. दांडा वर गेला. पण तोवर त्याच्या आतली कुठली तरी खुंटी ढिली झाली होती. मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले नव्हते, हेच त्याला जास्त लागलं. पत्रक सुलेखाने वाचून दाखवलं. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं, भिंतीवर निळे दिवे आहेत, आपल्यात आणि पुढच्यात दोन निळे दिवे मोकळे हवेत. वेग सत्तरच्या वर नको, पन्नासच्या खाली नको. थांबायचं नाही. निशिकांतला नियम आवडायचे. पहिले दोन-तीन किलोमीटर त्याने निळे दिवे मोजत अगदी नमुनेदार गाडी चालवली. बोगदा एकच होता, समोरून येणारे ट्रकही त्याच नळीतून अंगावर आल्यासारखे येत आणि शेजारून निघून जात. असा जवळजवळ बारा किलोमीटर. वर डोंगर किती आहे याचा विचार करायचा नाही असं त्याने ठरवलं, आणि ठरवल्याबरोबर त्याला तो दिसला. सगळा. बर्फासकट. मग हात ओले झाले. मग निळे दिवे दिवे राहिले नाहीत, एकमेकांत मिसळून रेघ झाली. छातीवर कोणी तरी हळूहळू बसत होतं, घाई न करता, आपली बसायची जागा असल्यासारखं. पुढची सगळी वर्षं त्याने याचं कारण शोधलं. लहानपणी कोणी कोंडून घातलं नव्हतं, विहिरीत पडला नव्हता, सोलापूरच्या सपाट उन्हात वाढला होता. नोंद सापडली नाही. नोंदीशिवायही रक्कम निघू शकते, हे त्याच्या धंद्याला मान्य नव्हतं.

"सुलू," तो म्हणाला, "मी थांबतो. कडेला एक दार दिसतंय, मी थांबतो."

सुलेखाने वेगाच्या काट्याकडे बघितलं. मग आरशात. आरशात एक ट्रक मोठा होत होता. तिला गाडी चालवता येत नव्हती, राधिकाला परवाना नव्हता. हे सगळं तिने एका नजरेत मोजलं असणार, पण तिचा आवाज ऐकून कोणाला ते कळलं नसतं. दुपारी चहाबरोबर बोलावं तसा तो आवाज होता.

"थांबा की," ती म्हणाली. "पण अहो, नंदामावशीच्या लग्नात विहीणबाई कशा रुसल्या होत्या, ते मी तुम्हाला कधी सांगितलंय का?"

"सुलू, आत्ता?"

"मग कधी? घरी तुम्ही पेपर वाचता. समोर बघा. तर मिरजेला लग्न. विहिणीची पंगत बसलेली. रांगोळ्या, उदबत्त्या, मध्ये विहीणबाई, अंगावर हिरवा शालू आणि चेहरा असा की जणू आमच्याकडे जेवून आमच्यावर उपकारच. वाढपी जिलबी घेऊन निघाला. एका टोकाकडून वाढत वाढत आला, आणि नेमकी विहीणबाईंच्या पानाशी येऊन परात संपली." ती थांबली.

बोगद्यात फक्त चाकांचा आवाज राहिला.

"मग?" निशिकांत म्हणाला.

"तुम्ही पंचेचाळिसावर आलायत. मला वाटलं तुम्हाला ऐकायचं नाही."

त्याने पाय दाबला. काटा वर सरकला, तशी सुलेखा पुढे बोलायला लागली. "तर वाढपी म्हणाला, आणतो. आणि आत गेला तो गेलाच. विहीणबाईंनी किती वेळ वाट बघावी? त्यांनी पानावर हात आडवा धरला. काय म्हणाल्या असतील? काही नाही. नुसतं, आमचं झालं. त्यांचं झालं म्हटल्यावर त्यांच्या बाजूच्या सगळ्या बायकांचे हात वर. भरल्या पानांवर चाळीस बायका हात वर करून बसलेल्या, पोलिसांनी धरल्यासारख्या." काटा घसरला की ती गप्प व्हायची. मध्येच, वाक्याच्या अगदी अर्ध्यात, क्रियापदाच्या आधी. काटा साठावर गेला की तेच वाक्य तिथूनच पुढे. आजोबा समजूत घालायला गेले आणि परत आले. मामा गेला, त्याला विहीणबाईंच्या जाऊबाईंनी मध्येच अडवलं. आचारी पाक गोठल्यावर झोपून गेला होता. सुलेखाचे वडील कोणाची तरी स्कूटर घेऊन बाजारात जिलबी शोधायला निघाले आणि हलवायाचं दुकान बंद, तेव्हा हलवायाच्या घरी. हलवाई म्हणतो, मी भट्टी पेटवतो, पण मला लग्नाचं बोलावणं का नव्हतं? आता त्याचाही रुसवा काढायचा. मागून राधिकाने कानातली वायर काढली. "देन? हू सेटल द आँटी?" तिने विचारलं. निशिकांत आता दिवे मोजत नव्हता. त्याला हलवायाचा फार राग आला होता. छातीवरचं ते कोणी उठून गेलं होतं का हे बघायला त्याला सवड नव्हती, कारण स्कूटर पंक्चर झाली होती. मध्येच कुठे तरी एक देश संपून दुसरा लागला असणार, तशी पाटीही होती म्हणे, ती कोणी पाहिली नाही. आणि एकदम समोर पांढरं काही तरी आलं, ते ऊन होतं, आणि सुलेखा म्हणत होती, "...जिलबीची परात विहीणबाईंसमोर ठेवली, सगळा मांडव श्वास धरून, आणि विहीणबाई काय म्हणाव्यात? मला मुळी जिलबी आवडतच नाही."

पुढच्या वळणावर त्याने गाडी थांबवली. उतरला. खूप गवत होतं, त्यात पिवळी फुलं होती, आणि एक गाय त्याच्याकडे बघत होती. सुलेखाने त्याला पाण्याची बाटली दिली आणि त्याच्याकडे पाठ करून डोंगराचे फोटो काढत राहिली, तो तोंड धुवून गाडीत येऊन बसेपर्यंत. त्यानंतर त्या दिवसाबद्दल तिने कधी काही काढलं नाही. त्यानेही नाही. परतताना ती म्हणाली, त्या दुसऱ्या घाटातून जाऊ या, लांब पडेल पण राधिकाला बर्फ दिसेल.

दोन वर्षांनी पुण्यात एका मुंजीत तो नंदामावशींच्या शेजारी पंगतीला बसला. जिलबी वाढायला आली. निशिकांत सहसा कोणाची गंमत करत नसे, पण त्या दिवशी त्याला करावीशी वाटली. "मावशींना आधी वाढा रे," तो म्हणाला, "नाही तर पुन्हा मिरजेसारखं व्हायचं." मावशींना कळलं नाही. त्याने विहीणबाईंचं सांगितलं, परातीचं, हलवायाचं. मावशी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "निशिकांतराव, कुणाचं लग्न म्हणता हे? आमचं आर्य समाजात झालं. वीस-पंचवीस माणसं, आणि वर चहा-चिवडा. आणि माझ्या सासूबाई तर हे कॉलेजात असतानाच गेल्या. मी त्यांना फोटोत पाहिलंय." निशिकांत म्हणाला, माझीच काही गल्लत झाली असेल. मावशींनी त्याच्या पानात आपली जिलबी ठेवली, गोड तुम्हीच खा म्हणाल्या. त्याने ती खाल्ली. मांडवाच्या त्या टोकाला सुलेखा पाच-सहा बायकांच्या घोळक्यात उभी होती आणि नेहमीप्रमाणे तीच बोलत होती, आणि निशिकांतला पहिल्यांदा दिसलं की त्या डोंगराखाली, ट्रक मागे लागलेला असताना, मुलगी मागे बसलेली असताना, या बाईने एक अख्खं लग्न उभं केलं होतं. शालू, उदबत्त्या, स्कूटर, सगळं. तिला भीती वाटली नव्हती असं कसं असेल? ती त्याच गाडीत होती. तिने ते सगळं एका आवाजावर पेललं होतं, आणि त्या आवाजात कुठे चीर गेली नव्हती. मला कळलं असं त्याने तिला सांगितलं नाही. पुष्कळदा ओठांवर येऊन राहिलं. सांगितलं तर आभार मानावे लागले असते, आणि तिचे आभार मानायला लागलं तर कुठून सुरुवात करायची, आणि मग थांबायचं कुठे.

पंखे घरघरत होते. लाल दिवे तसेच होते. पिवळा दिवा फिरवत एक ओढगाडी कडेने पुढे गेली. निशिकांतने घड्याळ बघायचं टाळलं. छातीवर कोणी तरी बसायला लागलं होतं, तेच, जुनं, ओळखीचं, घाई नसलेलं. त्याने स्वतःशी विहीणबाईंचं सुरू करून पाहिलं. मिरजेला लग्न. विहिणीची पंगत बसलेली. पण ते नुसते शब्द होते, माहितीचे. त्याच्या मनातल्या आवाजाला चाल नव्हती. आणि एक भलताच विचार आला, की तिचा आवाज आत्ता आठवून पाहावा, नीट, आणि तो आठवेना. वाक्यं आठवत होती. हलवाई काय म्हणाला ते आठवत होतं. आवाज नाही. तीन दिवसांत एवढ्यात कसा पुसला जाईल? त्याने दाराच्या कडीला हात घातला. उतरून तो हिरवा माणूस पळतोय तिकडे जावं. गाडी इथेच राहू दे.

तेवढ्यात गाडीभर फोन वाजला.

"पप्पा, व्हेअर आर यू? डॉक्टर आली आहे ऑलरेडी, नेक्स्ट बेडला आहे."

"बोगद्यात," निशिकांत म्हणाला. त्याला जेवढं बोलता आलं तेवढं.

"विच बोगदा? यू नेव्हर..." राधिका थांबली. पलीकडे काही हललं, कापडाचा आवाज आला. "वेट. मम्माने फोन ओढला."

मग फोनमध्ये नुसता श्वास आला. बोलू नकोस, कुजबुजूही नकोस, कुजबुजण्याने जास्त ताण पडतो असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सुलेखा बोलली नाही. ती फोन तोंडाशी धरून होती एवढंच. श्वास आत जायचा, बाहेर यायचा, आणि गाडीतल्या चारही स्पीकरमधून तो येत होता. निशिकांतने कडीवरचा हात काढला. कुठल्याही शब्दाशिवाय तो श्वास तिचाच होता. आवाज आठवत नव्हता, पण याबद्दल त्याची खात्री होती, सही करून देण्याइतकी.

"पप्पा," राधिका परत आली, "मम्मा काही तरी करतेय. हाताने. आय डोन्ट नो व्हॉट. बोट गोल-गोल-गोल, सर्कलच्या आत सर्कल. देन दोन्ही हात वर, लाइक पोलीस. व्हॉट इज दॅट?"

पुढची गाडी हलली नव्हती. निशिकांतला हसू आलं, आणि हसू यायला छातीत जागा लागते ती कुठून तरी निघाली.

"जिलबी," तो म्हणाला. "राधिका, तिला सांग, नंदामावशीचं लग्न आर्य समाजात झालं होतं. चहा आणि चिवडा."

राधिकाने ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे कागद सरकला. मग, "शी इज रायटिंग. वेट. 'कधी कळलं?'"

"मुंजीत. तीन वर्षं झाली."

"पप्पा, ती कपाळ बडवतेय. हू इज आर्य समाज? कोणी मला सांगणार आहे का?"

"सुलू," निशिकांत म्हणाला, आणि त्याला पुढचं काही सुचलं नाही. फोनवर तो नेहमीच असा होता. पलीकडून श्वास येत होता. ती वाट बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात तिच्या बाजूला मोकळी जागा होती आणि ती भरायची पाळी त्याची होती. "तू नसतीस तर आपण तिथेच थांबलो असतो," तो म्हणाला. "तिघंही. मला ते माहीत आहे. मी म्हटलं नाही कधी." मागून हॉर्न वाजला, सिंगापूरमधला, एकदाच, भीत भीत. समोरचे लाल दिवे विझले होते. "निघालो," तो म्हणाला. "फोन ठेवू नको." त्याने गाडी सुरू केली. चढ लागला. राधिकाने फोन ठेवला नाही, श्वास येत राहिला, आणि चढाच्या शेवटी दुपार होती.

तो पोचला तेव्हा पडदा अर्धा ओढलेला होता. सुलेखा खुर्चीत ताठ बसली होती, गळ्यावर पांढरी पट्टी, केस राधिकाने विंचरलेले, भांग जरा वाकडा. तिने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या ओल्या शर्टाकडे, आणि भुवया उडवल्या. डॉक्टरीणबाई चिनी होत्या, चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. "मिस्टर, यू सिट, यू सी," त्या म्हणाल्या. "पुष्कळ नवऱ्यांना बघायचं नसतं." निशिकांत बसला नाही. सुलेखाच्या खांद्यामागे उभा राहिला. नाकात औषधाचा फवारा मारला, काळी बारीक नळी आत सरकली, सुलेखाने डोळे मिटले आणि मागे हात केला. त्याने तो धरला.

यंत्राच्या पडद्यावर गुलाबी, ओलसर, अंधाराकडे जाणारी वाट आली. ती खाली जात राहिली. मग थांबली, आणि तिथे दोन पांढऱ्या पट्ट्या होत्या, उलट्या व्हीसारख्या. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. निशिकांत बघत राहिला. हे एवढंसं. तीस वर्षं सकाळच्या चहापासून झोपेपर्यंत घरात जे काही चालायचं, राधिकाचे पाढे, घरमालकांशी भांडणं, रात्री त्याच्या पाठीशी बोललेलं, तो ऐकत नसताना बोललेलं, ते सगळं इथून आलं होतं.

"से ई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हवा आली. उजवी पट्टी मध्यापर्यंत सरकली. डावी होती तिथेच राहिली. "अगेन." उजवी आली. डावी नाही. डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला नाही, त्यांचा तसा सराव असणार. "ओके," त्या म्हणाल्या. "जोरात श्वास घ्या. सोडा. अगेन, ई." राधिका खिडकीकडे बघायला लागली होती. सुलेखाने डोळे उघडले नव्हते, पण तिच्या बोटांना कळलं होतं.

"काही महिने थांबू," नळी तशीच धरून डॉक्टरीणबाई निशिकांतकडे वळल्या. "नस कधीकधी उशिरा जागी होते. तोवर हिने फार बोलायचं नाही. घरी बोलायचं काम तुम्ही करा. कॅन?"

निशिकांतने त्याचा गांभीर्याने विचार केला. त्याला आजवर कोणी हे काम दिलं नव्हतं. "कॅन," तो म्हणाला. "पण रोज आदल्या दिवशी मला मसुदा मिळाला तर बरं."

तो विनोद करत नव्हता. सुलेखाच्या हातातून आधी एक झटका आला, मग तिचे खांदे हलले, नळी नाकात असताना हसू नये म्हणून तिने ओठ घट्ट दाबले आणि त्यामुळे आणखीच हसायला आलं. आवाज नव्हताच. पडद्यावर सगळं गुलाबी थरथरलं.

"डोन्ट मूव्ह," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या पडद्याला नाक लावून बघत होत्या. "लेफ्ट. डिड यू सी? लेफ्ट वन." त्यांनी यंत्राचं बटण दाबून चित्र मागे नेलं, पुन्हा लावलं. डावी पट्टी थरथरली होती. सरकली नव्हती फारशी, झोपेतल्या माणसाची पापणी हलावी तेवढी. "ई म्हणताना हलत नाही, हसताना हलते. ती जिवंत आहे. स्लो, पण येईल." मग त्या निशिकांतला म्हणाल्या, "मिस्टर, आता जे बोललात ते पुन्हा बोला. किंवा दुसरं काही. मेक हर लाफ."

निशिकांतने तोंड उघडलं. डॉक्टरीणबाई वाट बघत होत्या, राधिका वाट बघत होती, शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्या मलाय बाईसुद्धा कोपरावर उठून बघत होत्या. त्याला काही म्हणजे काही सुचेना. सुलेखाने डोळे उघडले, जमेल तेवढी मान वळवून त्याच्याकडे वर बघितलं, त्या उघड्या तोंडाकडे, कपाळावरच्या घामाकडे, आणि पडद्यावरची डावी पट्टी हलली.

"गुड," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "व्हेरी गुड. डोन्ट स्टॉप."

तो तसाच तोंड उघडं ठेवून उभा राहिला.